दहा लाख म्हणजे दीड दिवस

“एकोणसत्तर,” देवाजी म्हणाला आणि हातातला पुडा बाजूला ठेवला.

ठेकेदाराचा माणूस अश्विन पुढे सरकला. तो गोंदियाकडचा, याच हंगामात नवा लागलेला. पायात बूट आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाविषयी संशय. पुडा न सोडता आतली पानं कशी कळली, असं त्यानं विचारलं. देवाजी तोवर पुढच्या पुड्याकडे वळलाही होता. अश्विननं सालीची गाठ सोडली, पानं एकेक करून मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. एकोणसत्तरच होती. तेवढ्यात देवाजीनं आणखी एक पुडा उचलून झिंगूच्या बायकोच्या हातात परत दिला आणि यात एक पान जास्तीचं आहे, काढून घे बाई, असं सांगितलं. आजूबाजूच्या कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कुकडीटोल्यात हे रोजचंच होतं.

मे महिना होता. धानोरा तालुक्यातल्या इतर गावांसारखं कुकडीटोलाही पंधरा दिवस तेंदूच्या पानांवर, गावच्या बोलीत पत्त्यावर, जगत होतं. पहाटे जंगलात जायचं, बिडीसाठी लागणारी कोवळी पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि चार वाजता ते गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे फडावर, आणून टाकायचे. तिथं देवाजी उंदिरवाडे बसलेला असायचा. तो ग्रामसभेचा फडमुन्शी. पुडे मोजून घेणं आणि उन्हात शंभर-शंभरच्या ओळीत लावून वाळवणं हे त्याचं काम. चाळीस हंगाम झाले होते. मधल्या काळात ठेकेदार बदलले, पानांचा लिलाव सरकारकडून ग्रामसभेकडे आला, पण मुन्शी बदलला नाही. दिसायला माणूस किरकोळ, सदरा नेहमी एका खांद्यावरून घसरलेला. पण त्याच्या तळव्यात पुडा आला की पान कमी की जास्त हे हात आपोआप सांगायचा, आणि त्याच्या मोजणीवर गावात कुणी कधी दुसरी मोजणी केली नव्हती. नवरा-बायकोचं भांडण असो की शेताचा बांध, गावात आकड्याचा प्रश्न आला की शेवटचा शब्द त्याचा. हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला आवडतही होतं. न आवडायला तो काही साधू नव्हता.

घोटाळा झाला तो या आवडीतूनच.

त्याचं असं झालं. ग्रामसभेकडे मागच्या हंगामाचे दोन लाख शिल्लक होते. त्यातून धान सडायचा हलर घ्यायचा हे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. गावातल्या बायका धानाची पोती डोक्यावर नाहीतर सायकलीवर टाकून नऊ किलोमीटर धानोऱ्याला नेत, तिथं रांगेत बसत आणि तांदूळ घेऊन परत येत. हलरचा ठराव मांडला होता देवाजीच्या बायकोनं, सीतानं. पण मंगळवारच्या सभेत ग्रामसभेचा सचिव आदेश, जो बारावी शिकलेला आणि त्यामुळे गावासाठी मोठमोठी स्वप्नं पाहणारा पोरगा होता, तो एक रंगीत कागद घेऊन उभा राहिला. सरकारी लॉटरीची बंपर सोडत होती. एक तिकीट दोनशेचं, पहिलं बक्षीस पाच कोटी. एकेकट्यानं एकेक तिकीट घेऊन काही होत नाही, हे आदेशलाही कळत होतं. त्याचं म्हणणं, सगळ्या गावानं मिळून एकदम हजार तिकिटं घ्यायची. हलरचं काय, पाच कोटीत धानोऱ्याची आख्खी गिरणी गावात येईल, रस्ता येईल, नाल्यावर पूल येईल.

लोक ऐकत राहिले. पुलाचं नाव निघालं की कुकडीटोला नेहमीच ऐकत राहतो, कारण पावसाळ्यात तीन महिने तो नाला गावाला जगापासून तोडून टाकतो. तेवढ्यात सीतानं विचारलं की तुमची हजार, पण सगळी मिळून तिकिटं असतात किती?

“दहा लाख,” आदेश म्हणाला.

सभा गार पडली. दहा लाख हा आकडा ऐकून बायकांनी तोंडाला पदर लावले. ग्रामसभेचा अध्यक्ष वारलू नरोटे हा सत्तरीचा, कमी बोलणारा गोंड म्हातारा. त्यानं डोकं खाजवलं आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न देवाजीकडे टाकला.

“देवाजी भाऊ, दहा लाख म्हणजे किती होते? लय होते का?”

आता इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, हो, फार होतात. पण सगळी सभा आपल्याकडे वळलेली पाहून देवाजीचा सदरा दुसऱ्या खांद्यावरूनही घसरायला आला. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. पंच्याण्णव घरं, घरटी शंभर पुडे, एका पुड्यात सत्तर पानं. रोजची साडेसहा लाखांच्या वर पानं त्याच्या हाताखालून जात होती.

“दहा लाख म्हणजे आपल्या फडावरचा दीड दिवसाचा पत्ता,” तो म्हणाला. “त्यात काय आहे भ्याचं?”

सभा हसली. दीड दिवसाचा पत्ता. तो तर काल आणि आज मिळून समोरच पसरलेला होता. जो आकडा डोंगराएवढा वाटत होता तो एकदम अंगणात येऊन बसला. हात वर झाले, हलर मागे पडला आणि हजार तिकिटांचा ठराव मंजूर झाला. तिकिटं मोजून आणायला कोण जाणार, हे विचारायची गरजच नव्हती. घरी येताना सीता वाटभर त्याच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात याचा अर्थ काय हे देवाजीला पाठ होतं, पण सभेतलं ते हसू अजून त्याच्या कानात होतं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं तो गडचिरोलीला गेला. लियाकतचं लॉटरीचं दुकान बसस्थानकाजवळ होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक छत्री आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेली तिकिटं. लियाकत पन्नाशीचा, दाढी पिकलेला, बोलायला गोड माणूस. आदेशनं फोन करून ठेवल्यामुळे त्यानं नागपूरहून शंभर-शंभरचे दहा गठ्ठे मागवून ठेवले होते. देवाजीला त्यानं स्टूल दिलं, चहा सांगितला आणि एका गावाचं एवढं मोठं गिऱ्हाईक आपल्या टेबलावर पहिल्यांदाच आलं, हेही कौतुकानं सांगितलं.

देवाजी माल पाहिल्याशिवाय घेणारा नव्हता. सोडत कशी होते ते पहिल्यापासून सांगा, असं तो म्हणाला. लियाकतला हा प्रश्न बावीस वर्षांत कुणी विचारला नसावा, कारण तो खूश होऊन टेबलावर चहाचे सहा रिकामे कप मांडून बसला. सोडतीच्या दिवशी अशी सहा खोकी असतात, त्यानं सांगितलं. पहिल्यातून सिरीज निघते, बाकीच्या पाचांतून एकेक आकडा. प्रत्येक खोक्यात दहाच गोळे. सगळ्यांसमोर खोकी फिरवतात, मोठे अधिकारी बसलेले असतात, आणि कुठला गोळा वर येईल हे त्यांनाही माहीत नसतं. दहा सिरीज, प्रत्येक सिरीजमध्ये शून्यापासून नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत लाख नंबर, असे सगळे मिळून दहा लाख.

“अन् पाच आकडे जुळले, एकच चुकला, त?” देवाजीनं विचारलं.

“त काही नाई भाऊ. शेवटचे चार जुळले त पाचशे भेटते, तेवढं सोडून द्या. लोकं मले येऊन सांगते, लियाकतभाई, थोडक्यात हुकलं. म्हणून पुन्हा घेते. पण लॉटरीत थोडक्यात असं काही राहत नाई. एकनं हुकलं काय अन् लाखानं हुकलं काय, सारखंच.”

देवाजी विचारात पडला. त्याच्या धंद्यात एका पानाचा फरक म्हणजे एकाच पानाचा फरक होता. तो दिसायचा, भरून काढता यायचा. इथं जवळ आणि लांब हा भेदच नव्हता. त्यानं गठ्ठे पुढे ओढले. एकेक गठ्ठा तळव्यावर तोलून खाली ठेवू लागला. कागद नवीन होता, पण हाताला दोन गठ्ठ्यांत सवय झाली. शंभर. शंभर. शंभर. मधेच सहज विचारावं तसं त्यानं विचारलं की तुम्ही आजवर तिकिटं विकली किती?

लियाकतनं वर छत्रीकडे पाहत हिशेब केला. दिवसाला शंभरेक, वर्षातले तीनशे दिवस, बावीस वर्षं. “साडेसहा लाख होईल,” तो म्हणाला.

“अन् पयलं बक्षीस?”

“आपल्या टेबलावरून? एकदाबी नाई.” लियाकतच्या बोलण्यात खंत नव्हती. “दुसरं एकदा लागलं होतं, चामोर्शीच्या मास्तरले. त्यालेबी आता पंधरा वर्षं झाले.”

साडेसहा लाख. देवाजीचा हात गठ्ठ्यावर थांबला. म्हणजे फडावरचा एका दिवसाचा पत्ता. या माणसानं बावीस वर्षं उन्हापावसात छत्रीखाली बसून जेवढी तिकिटं विकली, तेवढी पानं कुकडीटोल्यात चार वाजता येतात आणि दिवस मावळायच्या आत ओळीत लागतात. बावीस वर्षं आणि एक दिवस. आकडा तोच होता. आपण तो कुठल्या बाजूनं धरला, याची शंका त्याला पहिल्यांदाच आली. नुसती शंकाच, अजून तिला शब्द नव्हते. पण नवव्या गठ्ठ्यापाशी त्याच्या कपाळाला घाम आला होता.

विकलेलं तिकीट परत घेता का, त्यानं विचारलं. लियाकतनं मान हलवली. विकायच्या आधी माल नागपूरला परत जातो, पण एकदा गिऱ्हाइकाच्या हातात गेला की संपलं.

देवाजीनं दहावा गठ्ठा उचलला. हातानं स्पष्ट सांगितलं, शंभर.

“यात नव्व्याण्णव आहे,” तो म्हणाला.

लियाकतनं गठ्ठा घेतला, बोटाला थुंकी लावून मोजला आणि मोजणं संपल्यावर देवाजीकडे पाहिलं. त्याला समोर दिसला तो एक म्हातारा, मांडीवरची पैशाची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेला आणि कानापर्यंत लाल झालेला. बावीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचणाऱ्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

“बरोबर आहे भाऊ,” लियाकत म्हणाला. “एक कमी आहे. कमी माल मी देत नाई. सोमवारी पुरा करून ठेवतो, तवा या.”

परतीच्या गाडीत देवाजीला खिडकी मिळाली होती, पण त्यानं बाहेर पाहिलं नाही. चाळीस वर्षांत त्यानं कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. ठेकेदारांनी लालूच दाखवली होती, एकदा तर धमकीही दिली होती, तेव्हाही नाही. आज कुणी न विचारता, न धमकावता, चहा पाजणाऱ्या भल्या माणसासमोर तो खोटं बोलला. आणि त्या भल्या माणसानं ते त्याच्यासाठी झाकलं, ही गोष्ट त्याला अधिक लागली.

शुक्रवारी दुपारी फडावर कोणी नव्हतं. बायका घरोघरी पुडे बांधत बसल्या होत्या. चार दिवसांचा पत्ता उन्हात पसरला होता. देवाजी ओळींच्या मधून चालत गेला आणि एकशे त्रेचाळीस ओळी मोजून तिथं त्यानं काठी रोवली. काठीपर्यंत दहा लाख पानं. मग त्यानं सीताला बोलावलं. ती हातातलं काम टाकून, पण कपाळावरची आठी तशीच ठेवून आली. गडचिरोलीला काय झालं ते त्यानं तिला सांगितलं, नव्व्याण्णवसकट सगळं सांगितलं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग तिनं ओळीतल्या एका पुड्यातून पान काढलं, देठाजवळ नखानं खूण केली, ते परत आत घातलं आणि पुडा बांधला. देवाजीला तिनं तोंड फिरवायला लावलं. तिच्या पायांचा आवाज बराच वेळ ओळींतून फिरत राहिला.

“हं,” ती लांबून म्हणाली. “हजार तिकिटं म्हणजे तुमचे किती पुडे?”

“चौदा. अन् वर वीस पानं.”

“मंग काढा. तुमचा हात त साऱ्या गावाले माहीत आहे.”

त्यानं काढले. सुरुवातीला तर त्याला वाटलंही की हात आपल्याला नेईल. ओळीओळीतून तो फिरला, वाकला, पुडा तळव्यावर घेतला, खाली ठेवला, दुसरा घेतला. चौदा पुडे आणून त्यानं सावलीत सोडले. नऊशे ऐंशी पानं. पंधराव्यातली वीस. एकेका देठाकडे दोघांनी पाहिलं. खूण नव्हती. पुडे पुन्हा बांधून, जिथले तिथं ठेवून, त्यानं दुसऱ्यांदा चौदा काढले. नाही. तिसऱ्यांदा काढले तेव्हा तो कमरेतून वाकला होता आणि सीताचा राग निघून गेला होता. तिनं त्याच्या हातातला पुडा काढून घेतला.

“बसा जरा,” ती म्हणाली. “उन्हात चक्कर येईन.”

तो बसला. काठीपासून मागे, जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत, हिरवट-तपकिरी ओळी पसरल्या होत्या, आणि पायाशी ते चौदा पुडे. एका टोपलीत मावतील एवढे. हाताला कमी कळतं, जास्त कळतं, कारण कमीला आणि जास्तीला वजन असतं. खुणेला वजन नसतं. ज्या पानावर नशीब आहे आणि ज्या पानावर नाही, ती दोन्ही हाताला सारखीच लागतात. चाळीस वर्षं कमावलेला हात इथं काही कामाचा नव्हता; इथं पहिल्या दिवशी आलेला अश्विन आणि देवाजी उंदिरवाडे यांच्यात काडीचा फरक नव्हता. आणि हा हात दाखवूनच त्यानं गावाकडून होकार घेतला होता.

“आज चार वाजता सांगतो सगळ्यायले,” तो म्हणाला.

सीतानं सोमवारपर्यंत थांबायला सुचवलं. सोमवारी जायचं आणि तिकिटं संपली असं येऊन सांगायचं. कुणाला कळणारही नाही, आणि हलरही होईल. तिला हलर हवा होता, पण त्यापेक्षा तिला नवऱ्याची मान खाली गेलेली नको होती. ज्याची मोजणी एकदा चुकली त्या मुन्शीला लोक दहा वेळा बोलतात, हे तिनं दुसऱ्या गावांत पाहिलं होतं.

“नाई,” देवाजी म्हणाला. “एक खोटं झालं, ते पुरे झालं.”

चार वाजता पंच्याण्णव घरं पुडे घेऊन आली. रोज माणसं आल्या-आल्या पुढे सरकायची. आज देवाजी उभा होता, म्हणून ती थबकली. त्यानं वारलूला नमस्कार केला आणि मोजणीच्या आधी सभा घ्यायची परवानगी मागितली. वारलूनं मान हलवली. लोक फडाच्या कडेला, पुड्यांची गाठोडी पुढ्यात घेऊन बसले. अश्विन मोबाईल खिशात टाकून एका बाजूला उभा राहिला.

देवाजीला भाषणाची सवय नव्हती. त्यानं आधी सदरा खांद्यावर नीट केला.

“मंगळवारी तुमी मले इचारलं, दहा लाख म्हणजे किती. मी म्हटलं, दीड दिवसाचा पत्ता. आकडा बरोबर होता. पण तुमी इचारून राह्यले होते की लॉटरी लागनं किती सोपं आहे. अन् मी सांगितलं, मोजनं किती सोपं आहे. मले फुशारकी आली. माझी मोजणी चुकली.”

मोजणी चुकली हे शब्द त्या फडावर त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, आणि ऐकायला मिळतील असं कुणाला वाटलंही नव्हतं.

त्यानं रोवलेली काठी दाखवली. इथपासून तिथपर्यंत दहा लाख पानं, आणि आपली हजार तिकिटं म्हणजे हे एवढे चौदा पुडे. एकच पान खुणेचं आहे, सीतानं ठेवलंय, आता तिलाही आठवत नाही कुठं. मी तीन वेळा काढलं, तीन वेळा रिकामा आलो. मग त्यानं आणखी सोपं करून सांगितलं. आपल्यासारख्या हजार गावांनी हजार-हजार तिकिटं घेतली, तर त्यातल्या एका गावाला पूल होतो. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव गावांचे हलर गेले. ते एक गाव आपलंच असेल असं ज्याला वाटतं, त्यानं खुशाल आपल्या खिशातल्या दोनशे रुपयांचं तिकीट घ्यावं. तो ज्याचा त्याचा खेळ आहे. पण गावाचा पैसा त्यात टाकायचा असेल तर माझ्या शब्दावर टाकू नका.

आदेश उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. तो रागानं नाही, पण दुखावून म्हणाला की पूल कधी होणार मग? तुम्हीच तर भरवसा दिला होता. देवाजीनं ते मान्य केलं. पूल कधी होईल ते मला माहीत नाही, असं तो म्हणाला, आणि तू गावासाठीच बोलत होतास हेही म्हणाला.

“अन् अजून एक आहे,” देवाजी म्हणाला. सीतानं मान खाली घातली. याची गरज नव्हती, असं तिला वाटत होतं. “गडचिरोलीले लियाकतभाईच्या दुकानात मी शंभराच्या गठ्ठ्याले नव्व्याण्णव म्हटलं. हात सांगत होता शंभर. तिकिटं घ्यायची हिंमत नाई झाली, अन् तुमच्यासमोर येऊन नाई म्हणायचीबी हिंमत नाई झाली, म्हणून खोटं बोललो. तिकिटं त्याच्यापाशीच आहे. दुपारी फोन करून त्याले परत पाठवाले सांगितलं. तुमचे पैसे या पिशवीत आहे.”

त्यानं पिशवी वारलूपुढे ठेवली. सीता खाली पाहत होती, पण तिला रडू येत नव्हतं. तिला अभिमान वाटत होता, आणि तो लपवायला तिनं मान वर केली नव्हती. एकोणसत्तर ओळखणारा हात तिनं चाळीस वर्षं पाहिला होता, त्याचं तिला काही विशेष उरलं नव्हतं. पण सगळ्या गावासमोर स्वतःतलं कमी मोजून सांगणारा नवरा ती आज पहिल्यांदा पाहत होती.

वारलूनं पिशवीला हात लावला नाही. हलरसाठी किती जण, एवढंच त्यानं विचारलं. आधी बायकांचे हात वर झाले, मग पुरुषांचे. सगळ्यांत शेवटी आदेशचा झाला, पण झाला.

सभा संपली असं वाटून लोक गाठोडी उचलू लागले, तेव्हा अश्विन पुढे आला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती असं म्हणता येणार नाही. मुन्शी स्वतःच सांगतात की मोजणी चुकते आणि खोटाही आकडा सांगितला जातो, तर आजपासून प्रत्येक घराचे पुडे मीही मोजेन, असं तो म्हणाला. लोकांत गलका झाला. झिंगू तर बाह्या सरसावून उठलाच. चाळीस वर्षांत या फडावर घराघराची दुसरी मोजणी झाली नव्हती, आणि ती आता एका बुटवाल्यानं करावी, हे कुणाला सहन होईना.

देवाजीनं हात वर केला.

“त्याचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मोजू द्या.”

तो आपल्या जागेवर बसला. रोज तो ढिगावर नजर फिरवायचा, पाच-पाच पुडे एका हातात उचलायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा. आज त्यानं पहिल्या घरापासून एकेक पुडा हातात घेतला आणि मोठ्यानं मोजला. एक. दोन. तीन. शेजारी अश्विन तोच पुडा घेऊन पुन्हा मोजत होता. पहिल्या घराचे अठ्ठ्याण्णव, दोघांचेही. दुसऱ्याचे एकशे एक, दोघांचेही. दहाव्या घरानंतर अश्विननं बूट काढून बाजूला ठेवले, कारण वाकून वाकून पाय अवघडले होते. देवाजीनं त्याला स्वतःच्या खालचं अर्धं पोतं सरकवून दिलं.

मोजणी संपलेली माणसं रोज लगेच घरी जात. चुली पेटवायच्या असत, गुरं यायची असत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठायचं असे. आज पहिलं घर मोजून झालं आणि ती बाई गाठोड्याचं फडकं झटकून परत जागेवर जाऊन बसली. दुसरंही बसलं. पन्नास घरं झाली, साठ झाली, सूर्य झाडांच्या खाली गेला. अश्विनला एकदा वाटलं, ही माणसं आपल्यावर नजर ठेवायला बसली आहेत. मग त्यानं त्यांचे चेहरे पाहिले, आणि कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं, सगळे देवाजीकडे पाहत होते.

स्वतःच्या घराचे पुडे देवाजी नेहमी शेवटी मोजायचा. सीतानं गाठोडं आणून पुढे ठेवलं. त्यानं तिच्याकडे न पाहता मोजायला सुरुवात केली, तितकंच सावकाश, तितकंच मोठ्यानं.

“एकशे चार,” तो म्हणाला.

“एकशे चार,” अश्विन म्हणाला.

मग वारलू उठला, त्यानं पैशाची पिशवी काखेत घेतली, धोतराची धूळ झटकली, आणि त्यानंतरच बाकीचे उठले.